गुणाबाईचा डावा हात

गुणाबाईविषयी मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. ती पनवेलच्या कोळीवाड्यात राहायची आणि बाजारात मासळी विकायची. गणू हा तिचा नवरा. धर्मराज हा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या; त्याच्या मासेमारीच्या मचव्यावर गणू सुकाणू धरायचा. तिचं माहेर कुठलं, हे मी कधी विचारलं नाही. तिच्या घराचा उंबरा मी कधी ओलांडला नाही. तिच्या मनात काय चालायचं, ते ती चिडली की कळायचं, आणि ती चिडलेली नसताना मी तिला क्वचितच पाहिलं. तेव्हा हे जे लिहितो आहे ते अर्धंमुर्धं आहे. कोळीवाड्यातलं कुणी हे वाचलं आणि चूक काढली, तर त्यांचंच बरोबर धरावं.

मी पाट्या रंगवणारा माणूस. दुकानांच्या पाट्या, एस.टी.च्या थांब्यावरच्या जाहिराती, तंबूतल्या सिनेमाचे बोर्ड. अक्षरं काढण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या मनातल्या चार ओळी जुळवायच्या म्हटलं की हात थांबतो. तरी बसलो आहे, कारण परवा राग आला आणि तो अजून उतरत नाही.

वाचनालयाच्या हॉलमध्ये जुने चित्रपट दाखवायचा कार्यक्रम होता. ‘सातवा खलाशी’ लावला होता. मुंबईहून एक व्याख्याते आले होते. चांगले बोलले, शिकलेले गृहस्थ होते. पण शेवटी ते म्हणाले, “किनाऱ्यावरच्या त्या अनामिक कोळिणीने वर केलेला तो उजवा हात म्हणजे साक्षात नियतीचा हात आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याजवळ गेलो आणि जेमतेम एवढंच बोललो, की साहेब, ती अनामिक नव्हती, ती गुणाबाई, आणि तो हात डावा होता. ते हसून म्हणाले, “वा! किती छान तपशील आहे! हे तुम्ही लिहायलाच हवं.” आणि चहाकडे वळले.

छान तपशील! त्या तपशिलापायी एका माणसाची मचव्यावरची जागा गेली होती.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक होडी समुद्रात जाते, सहा माणसं घेऊन. वारा पडतो. पाणी तव्यासारखं सपाट. दुसऱ्या रात्री तांडेल माणसं मोजतो तर सात भरतात. परका कुणीच नाही, सगळे ओळखीचे, सगळ्यांच्या बायकामुलांची नावं सगळ्यांना ठाऊक. पण सात. मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायला लागतो. भूत एकदाही दिसत नाही. जे काय होतं ते त्या माणसांच्या डोक्यात होतं, आणि म्हणूनच बघणाऱ्याची झोप उडते. शेवटी ते एकाला पाण्यात ढकलतात आणि पुन्हा मोजतात. चित्रपट चांगला आहे. माझा राग चित्रपटावर नाही, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला लिहू? थोडा चित्रपटावरही आहे.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. पावसाळा संपल्यावर मुंबईची एक कंपनी पनवेलच्या बंदरावर आली. एक जुनी होडी विकत घेऊन ती खाऱ्या पाण्याने खाल्ल्यासारखी दिसेल अशी रंगवायचं काम मला मिळालं. कॅमेरा ठेवायला वेगळी लहान होडी लागायची. ती वल्हवायला त्यांनी गणूला घेतलं. गणू शांत माणूस. बोलायचा कमी, आणि पाण्यावर असला की तेवढंही नाही.

खलाशाची बायको किनाऱ्यावर उभी राहून कंदील धरते आणि हात वर करून होडीला हाक मारते, असा एक प्रसंग होता. नटीबाईंनी चिखल पाहिला आणि गाडीतून उतरायचं नाकारलं. खाडीचा चिखल तो, गुडघ्यापर्यंत आत घेतो. मग दिग्दर्शक म्हणाला, अंधारात तोंड कुठे दिसतंय, इथलीच एखादी बाई उभी करा. समोर गुणाबाई कुणाशी तरी भांडत होती. उंच बाई, खांदे रुंद, आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर खाडीपलीकडच्या माणसाने मागे वळून पाहावं.

“हिला घ्या,” दिग्दर्शक म्हणाला.

ती उभी राहिली. दिग्दर्शकाने तिच्याकडे बघून मान हलवली. तिच्या डाव्या हातात हिरवी काकणं अर्ध्या कोपरापर्यंत होती आणि उजव्यात नुसता चांदीचा एक गोठ. “त्या हातातही काचेच्या बांगड्या घाला,” तो म्हणाला. “रिकामा हात बरा दिसत नाही.”

“त्या हातात नाय घालत,” गुणाबाई म्हणाली.

“का?”

“हा हात दर्याला दिलाय. लग्नात ह्या हातातली काकनं काढून दर्यात सोडली. त्यानं माझा मानूस सांभाळायचा, मी काकनं परत मागायची नाय. असा बोल हाय.”

“अगं बाई, हे नाटक आहे!”

“नाटक तुमचं हाय. हात माझा हाय.”

बंदरावर हशा पिकला. धर्मराज तांडेल स्वतः तिथे होता. तोंडातली विडी काढून तो म्हणाला, “सायेब, तिच्या नादी लागू नका. गणू लागला, बघा त्याचं काय झालं.” गणू होडीत बसून हसत होता. दिग्दर्शकाने हात झटकला आणि म्हणाला, राहू दे, राहू दे.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. कोळीवाड्यातल्या निम्म्या लोकांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

पण त्या संध्याकाळी ढग आले आणि काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी परत सगळी मांडामांड. तेव्हा मचवे मासेमारीला गेलेले होते आणि बंदरावर बघे फारसे नव्हते. गणू कॅमेऱ्याच्या होडीवर आणि मी काठावर, एवढेच ओळखीचे. गुणाबाईने उजव्या हातात कंदील धरला आणि डावा हात वर केला. तिच्या मागे किनारा आणि त्याच्याही मागे दूर कर्नाळ्याचा सुळका. दिग्दर्शकाने काकणांवर पाणी मारायला सांगितलं, चमकावीत म्हणून. एकदा घेतलं, परत एकदा घेतलं आणि संपलं. ती चिखलातून बाहेर आली आणि पाय धूत मला म्हणाली, “एवढ्यासाठी माझा बाजार बुडवला.”

पुढच्या वर्षी सिनेमा पनवेलला आला. मैदानात तंबू लागायचा, खाली बसायला वाळू, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. बोर्ड मीच रंगवला होता. पहिल्या खेळाला अख्खा कोळीवाडा आला. आपलं बंदर पडद्यावर बघायचं म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा आल्या. होड्या दिसल्या की आरडाओरडा, कुणाचा कुत्रा दिसला तर त्याच्या नावाने शिट्ट्या.

मग तो प्रसंग आला. तिन्हीसांज, आभाळ राखाडी, आणि पाण्याच्या कडेला एक बाई, नुसती काळी आकृती. साडी, पदर काही ओळखू येत नव्हतं. बायकांच्या बाजूने एक पोरगी ओरडली, “आमची गुणा!” आकृतीने हात वर केला. ओल्या काकणांची रांग चमकली.

आणि तंबू गप्प झाला. म्हणजे गावातले लोक खात-पीत होते, त्यांचं चाललं होतं. कोळीवाडा गप्प झाला. पडद्यावर काकणं उजव्या हातात होती. कंदील धरलेल्या डाव्या हातात एकटा गोठ लकाकत होता.

धर्मराज उठला आणि बाहेर गेला. त्याच्यामागून एकेक करत बरेच उठले. मला वाटलं, कंटाळले असतील. खरं सांगतो, काकणं कुठल्या हातात आहेत हे माझ्या डोळ्यांना दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. आम्हा गावातल्या माणसांच्या डोक्यात ते शिरणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मचवा निघताना महादेव नावाचा खलाशी काठावरच उभा राहिला. गणू सुकाणूपाशी बसला होता.

“तो बसला तर मी नाय येत,” महादेव म्हणाला.

“का रे? काय झालं?” गणूने विचारलं.

“तुझ्या बायकोला विचार. शिनेमावाल्यांसाठी दर्याची काकनं परत घेतली तिनं. आता दर्या तुला ठेवल? आनि तुला न्यायला आला तर मधी बसलेल्या आमाला सोडल?”

“तिनं घातली नाय. मी तिथं होतो. मी होडी वल्हवत होतो.”

“तू तिचा नवरा. तू काय बोलनार?”

गणूने धर्मराजकडे पाहिलं. धर्मराज दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “गणू, थोडे दिस घरी ऱ्हा. पोरं घाबरलीत.” आणि सुकाणूवर त्याने दुसरा माणूस बसवला.

हे मला गणूने सांगितलं नाही, महादेवनेच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, माझ्याकडून होडीवर नाव रंगवून घेताना. सांगताना त्याला काही वाटत नव्हतं. मला त्याच्या होडीवर मनात येईल ते रंगवावंसं वाटलं. पण मी नीटच रंगवलं. माझा राग असाच असतो, त्याचा कुणाला उपयोग होत नाही.

गुणाबाईचा राग तसा नव्हता. त्याच दिवशी बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या दमयंतीने टोमणा मारला, “काय गो गुणा, काकनं परत मिळाली? मंग नवरा पन घरीच ऱ्हानार!” गुणाबाईने मासे धुतलेल्या पाण्याचं घमेलं उचललं आणि दमयंतीच्या टोपलीत रिकामं केलं. मग हात पुसले आणि सरळ मैदानाकडे निघाली. तंबूच्या मागे आम्ही जेवायला बसलो होतो, मी आणि मशीन चालवणारा कमळाकर.

“पेंटर,” ती उभ्या उभ्याच म्हणाली, “त्या दिवशी तुमी तिथं होता. माझा कुठला हात वर होता?”

“डावा.”

“नक्की?”

“कंदील उजव्यात होता. काकणांवर पाणी मीच मारलं.”

“मंग रात्री कापडावर कोन होती? माझी सवत?”

कमळाकर तोंडातला घास गिळून म्हणाला, “फिरवली असेल.”

“काय फिरवली?”

त्याने डब्यातून फिल्मची पट्टी काढली, तो तुकडा शोधला आणि उजेडाकडे धरून तिला दाखवला. मग तशीच एक जुनी टाकाऊ पट्टी घेऊन ती उलटी केली. “हे बघा. काचेसारखं असतं हे. इकडून बघितलं तर डावं, तिकडून बघितलं तर उजवं. सिनेमात होडी पडद्यावर उजवीकडे जाते ना? मग बाईने उजवीकडे बघायला हवं. तुम्ही डावीकडे बघत होता. म्हणून मुंबईत कापताना त्यांनी तेवढी पट्टी उलटी करून छापली. कुणाला कळतंय?”

“कुनाला कळतंय?” गुणाबाई म्हणाली. तिने ती टाकाऊ पट्टी हातात घेतली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. मग विचारलं, “मी उलटी झाले तर माझ्यामागचं सगळंच उलटं झालं ना?”

“सगळंच.”

“कर्नाळा पन?”

कमळाकरने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. खाडीत शिरताना कर्नाळ्याचा सुळका उजव्या अंगाला असतो. इथला प्रत्येक तांडेल त्याच्याकडे बघून मचवा आत आणतो.

“त्यांच्या आयला,” गुणाबाई म्हणाली, “डोंगर उचलून दुसऱ्या अंगाला ठेवला आनि ह्या मेल्यांना तो दिसला नाय! सगळे माझ्या हाताकडं बघत बसले!”

त्या संध्याकाळी तिने धर्मराजला, महादेवला आणि मचव्यावरच्या बाकीच्यांना तंबूत आणलं. कसं आणलं ते विचारू नका. महादेवला तर मी तिच्या पुढे चालताना पाहिलं, पोलिसापुढे चोर चालतो तसा. गणू मागून येत होता, मान खाली. ती बायकांच्या बाजूला बसली नाही, पुरुषांत पुढे जाऊन बसली. मागच्यांनी कुरकुर केली तर म्हणाली, “मी बायको म्हनून नाय आले, वकील म्हनून आले. गप बसा.”

प्रसंग आला. ती उभी राहिली आणि पडद्याकडे हात करून ओरडली, “धर्मराज! हाताकडं नको बघू! डोंगराकडं बघ!”

“खाली बस!” मागून दुकानदार मंडळी ओरडली. “डोकं दिसतंय!”

“तुमी बसा! तुमचं काय गेलंय? धर्मराज, कर्नाळा कुठल्या अंगाला हाय? बोल! असा कर्नाळा धरून तू मचवा आत आनशील का? कुठं जाशील?”

तिच्या डोक्याची सावली पडद्यावर तिच्याच आकृतीवर पडली होती. धर्मराज वाकून बघत होता. प्रसंग पुढे सरकला, पण तो तसाच बघत राहिला.

खेळ अर्धा टाकून सगळे बाहेर आले. तंबूबाहेर पेट्रोमॅक्सच्या उजेडात उभे राहिले. मी आणि कमळाकर बाजूला होतो. मशीनवर त्याचा जोडीदार होता.

“दिसलं?” गुणाबाईने विचारलं.

“दिसलं,” धर्मराज म्हणाला. “उलटं हाय.”

“मंग उद्या गणू सुकाणूवर बसनार.”

धर्मराजने महादेवकडे पाहिलं. महादेव म्हणाला, “डोंगर उलटा असंल. पर मना झोप नाय. डोळं मिटलं की तुझा हात दिसतो, गुणावयनी. काकनं घातलेला.”

“तुला झोप नाय म्हनून माझा मानूस घरी बसवायचा? त्या शिनेमातली मानसं येडी झाली, त्यांना निदान भूत तरी लागलं होतं. तुला काय लागलंय? कापडावरचा उजेड?”

“गुणा,” धर्मराज म्हणाला, आणि त्याचा आवाज समजुतीचा होता, त्याचाच मला जास्त राग येतो, “तू खरी. मी मानतो. पर अख्ख्या गावानं बघितलंय. दर्यावर मनात भीती घेऊन मानूस बसला की दोरी सोडायच्या वेळी धरतो आनि धरायच्या वेळी सोडतो. मी काय करू? एक काम कर. नारळीपुनवंला चार काकनं आनि नारळ दर्याला दे. सगळ्यांसमोर. झालं. मिटलं.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मलासुद्धा बरं वाटलं. गणूने पहिल्यांदा मान वर केली.

“नाय,” गुणाबाई म्हणाली.

“काय अडचन हाय गो?”

“मी दिलीत. लग्नात दिलीत. आता परत दिली म्हंजे मधी घेतली होती असं झालं. मी दर्याच्या तोंडावर खोटं बोलू? आनि त्याच दर्यावर नवऱ्याला पाठवू?”

ती सगळी माणसं दर्याला मानणारी होती, पण त्या रात्री दर्याला खरोखर मानणारी ती एकटीच होती, असं मला वाटतं. इतर जण गावाला भीत होते. कदाचित मी चुकत असेन. मी त्यांच्यातला नाही.

सिनेमा दुसऱ्या गावाला गेला. बोर्ड मी पांढरा करून टाकला, पुढच्या सिनेमासाठी. गणू मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहायला जाऊ लागला. मीठ त्याच्या पायांना झोंबायचं. संध्याकाळी तो बंदरावर येऊन बसायचा, पण पाण्याकडे पाठ करून. कोळी माणूस पाण्याकडे पाठ करून बसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मचवे आत येताना आरोळ्या ऐकू यायच्या. तो वळायचा नाही.

एकदा मी गुणाबाईला बाजारात भीत भीत म्हणालो, “गुणाबाई, गणूकडे बघवत नाही. चार काकणांचा तर प्रश्न आहे.”

तिने कोयत्यावरून नजर उचलली. “पेंटर, तुमची अक्षरं चांगली हायत. तुमी उद्या कुनाच्या दुकानावर खोटं नाव लिवाल?”

“नाही.”

“मंग मना कशाला सांगता?” आणि तिने माशाचं डोकं असं तोडलं की मी मागे सरलो.

रात्री घरी जाऊन मी विचार केला, की जर उद्या कुणी दुकानदार म्हणाला खोटं नाव लिही, तर मी लिहीन. ते काम आहे. पण तिला ‘नाही’ म्हणालो होतो. ती समोर असली की माणूस जरा बरा बोलायचा.

नारळीपौर्णिमा आली. बंदरावर सगळा कोळीवाडा, वाजंत्री, सोन्याचा कागद लावलेले नारळ. गावातलेही पुष्कळ गेले होते, मीही गेलो होतो. धर्मराजने मचव्याची पूजा केली, नारळ सोडला. आणि गर्दीतून गणू पुढे आला. त्याने बंडीच्या आतून कागदाची पुडी काढली. मालू कासाराच्या दुकानातली होती, तो कागद मी ओळखतो. हिरवी काकणं. तो गुडघाभर पाण्यात गेला आणि एकेक करून त्याने ती सोडली. एक नारळ सोडला. हात जोडले. महादेवने त्याला हात देऊन वर ओढलं, आणि धर्मराजने सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

गुणाबाई बायकांमध्ये उभी होती. मला वाटलं ती आता काहीतरी फेकेल, ओरडेल. तिने काही केलं नाही. तिचा चेहरा मी पाहिला आणि मान फिरवली. मी तिला चिडलेली पाहिली होती, पण घाबरलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मग गणू परत सुकाणूवर बसला. पहिल्याच फेरीत मचव्याला चांगली मासळी लागली. धर्मराजने मोठा जिताडा निवडून गणूच्या घरी पाठवला, मानाचा म्हणून. जिताडा इथे जावयाला वाढतात, व्याह्याला पाठवतात. गुणाबाईने तो टोपलीत घातला, टोपली डोक्यावर घेतली आणि भर दुपारी कोळीवाड्याच्या मधल्या वाटेने धर्मराजच्या ओटीवर नेऊन ठेवला.

“तुझा हाय,” ती म्हणाली.

“अगो, परत कशाला आनलास? गणूचा वाटा हाय.”

“गणूचा असंल तर गणूला तुझ्या घरी जेवायला बोलव. माझ्या चुलीवर हा शिजनार नाय. खोटं बोलून पकडलेला मासा हाय.”

“तुझा नवरा सुखरूप आला, ते बघ ना!”

“आज आला,” ती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर तिने धर्मराजच्या मचव्याची मासळी विकली नाही. मचव्यावरच्या माणसाच्या वाट्याची मासळी त्याच्या बायकोने विकायची, ही त्यांची रीत. गणूचा वाटा दमयंती विकायची आणि पैसे गणूच्या हातात द्यायची. गुणाबाई दुसऱ्यांच्या मचव्यांवरून लिलावात मिळेल ते घ्यायची. कधी मिळायचं, कधी नाही. पुष्कळदा तिच्यापुढे नुसता बारीक माल असायचा आणि शेजारी दमयंतीपुढे गुणाबाईच्याच नवऱ्याने आणलेले रावस, हलवे. गिऱ्हाईक दोघींकडे बघायचं आणि दमयंतीकडे वळायचं.

घरात त्यांचं कसं चालायचं, मला माहीत नाही. गणूशी ती बोलायची. बाजारातून त्याच्यासाठी तंबाखू घेऊन जाताना मी तिला पाहिलं आहे. वाड्यातल्या बायका म्हणायच्या, हिचा हट्ट. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो. पण संध्याकाळी बंदराजवळ काम असलं की मला एक दिसायचं. मचवे आत यायच्या वेळी ती येऊन उभी राहायची, जरा लांब, वखारीच्या भिंतीशी. धर्मराजचा मचवा वळणावर दिसला, सुकाणूवरचा माणूस ओळखू आला, की वळून घरी जायची. मासळी उतरायच्या आत. रोज. पंचमी असो, शिमगा असो. ज्या दर्याशी तिच्या नावाने खोटं बोललं गेलं होतं, तो आज काय करतो हे ती रोज येऊन बघायची, आणि हे तिच्यावर लादणारे महादेव आणि धर्मराज मचव्यावरून हसत, आरोळ्या देत उतरायचे. त्यांना झोप लागत होती.

परवा त्या व्याख्यात्यांना हे सगळं सांगायला पाहिजे होतं. त्यांनी पडद्यावर भीती शोधली आणि छान शोधली. पण ती वखारीच्या भिंतीशी उभी असायची, त्याची फिल्म कुणी काढली नाही. आणि त्यांचा तो हात! अहो, निदान नाव तरी विचारा. पनवेल आहे हे, बाजारात कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. निदान तेव्हा सांगितलं असतं.

दर्याने गणूचं काही केलं नाही. तो म्हातारा होईपर्यंत सुकाणूवर बसला. गुणाबाई त्याच्या आधी गेली, सदुसष्ट सालच्या पावसाळ्याअखेरीस, तापाने. मला ते आठवडाभराने कळलं, दमयंतीकडून. दमयंती सांगताना रडली.

त्याआधी काही दिवस मी बाजारात गेलो होतो. दमयंतीपुढे धर्मराजच्या मचव्याचे दोन मोठे रावस होते आणि माणसं वाकून भाव करत होती. गुणाबाईपुढे मांदेली. बरं नसावं तिला, डोक्याला फडकं बांधलं होतं. मी तिच्यासमोर उभा राहिलो.

“ताजी आहेत ना?”

“शिळी कवा विकली तुमाला? किती देऊ?”

“घरी मी एकटाच आहे.”

“मंग एवढी पुरतील. कोकम घाला, चिंच नको.”

“बरं,” मी म्हणालो.